बाटलीचं वजन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. सकाळी पूजेत इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटते, तेव्हाही नाही — तिथं तर मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत बसते. आज तुम्हाला का सांगतेय? याचाही मला संशय आहे. मन हलकं व्हावं म्हणून असेल, तर ते काही चांगलं कारण नव्हे. पण सुरुवात केलीच आहे, तर आता ऐका.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी बाई आहे. दुधाचा वास दोनदा घेते — एकदा पातेल्यात, एकदा तापल्यावर. रिक्षावाल्यानं जवळचा रस्ता घेतला तरी मला वाटतं, यात याचा काहीतरी डाव असणार. नवऱ्याचा फोन वाजला की मी भांडी घासायची थांबते. सासरी माझं नाव सीआयडी पडलंय, आणि खरं सांगते, मला ते आवडतं. संशयी माणसाला कुणी फसवू शकत नाही अशी माझी समजूत होती. आपण स्वतःलाच फसवू शकतो हे कुठं ठाऊक होतं? — नाही, हेही खरं नाही. ठाऊक होतं. पुढं येईलच ते.

मी मूळची राजेश्वर गावची. एमएस्सी कलबुर्गीला केली आणि बिदरला नौबादमध्ये एका डाळमिलच्या मागच्या शेडमध्ये नोकरीला लागले. शेड म्हणजे आमची प्रयोगशाळा. तूर भरडून डाळ काढली की मागं चुनी उरते — तुकडे, टरफलं, भुकटी. आमच्याकडं ती म्हशींना घालतात. पण तिच्यात प्रथिन बरंच असतं. ते पाण्यात उतरवायचं, दूध फाडतात तसं फाडून वेगळं काढायचं, मग स्टीलच्या मोठ्या किटलीत कोमट पाण्यात पपईच्या चिकापासून केलेलं एन्झाइम घालून ठेवायचं. ते प्रथिनाच्या लांब साखळ्या तोडतं. तुटून जे छोटे तुकडे होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातले अगदी लहान तुकडे अशक्त माणसाच्या पोटाला फार सोपे पडतात, कारण पचवण्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. हे कामाचे तुकडे बाकीच्या घोळातून वेगळे काढायचे, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं ना?

ते बिलकूल सोपं नव्हतं. कारण तुटलेलं प्रथिन कडू होतं — चांगलं कारल्याच्या पाण्यासारखं. त्यासाठी ते एका उभ्या काचेच्या नळीतून सोडायचं, तिला आम्ही कॉलम म्हणायचो. नळीत बारीक मणी भरलेले असतात. कडू तुकडे त्या मण्यांना चिकटून मागं राहतात आणि चांगले पुढं निघून जातात. निदान पुस्तकात तरी तसं होतं. आमच्याकडं मात्र जे बाहेर यायचं ते शेवटी कडूच. मी एकटीनं त्यावर दोन उन्हाळे काढले होते. चिकाचं प्रमाण बदललं, पाणी बदललं, मणी बदलले. दर वेळी जिभेवर थेंब घेतला की डोळ्यांत पाणी.

मालकांना सगळे अप्पा म्हणतात. या कामात ते पडले ते आईसाठी. अव्वांचं — म्हणजे अप्पांच्या आईचं — पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून त्यांना अन्न अंगी लागतच नव्हतं. असल्या पावडरचे डबे बाजारात मिळतात, पण त्यात काय असतं कुणाला माहीत? अव्वा पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. तेव्हा अप्पांची अट एकच होती, शंभर टक्के शाकाहारी. पाकिटं करून विकायचा विचार नंतरचा.

आता बाटलीबद्दल. आमची वाळवून झालेली पावडर पोटात कितपत पचेल हे बघायची एक चाचणी असते. तिला जे एन्झाइम लागतं, ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. चाचणी टेबलावर काचेच्या भांड्यात होते, खायच्या मालाशी तिचा काही संबंध नसतो. पण हे अप्पांना कोण समजावणार? मी ती बाटली मागवली, लेबलवर पांढरा कागद चिकटवला आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. हे माझ्याशिवाय फक्त सुजाताला माहीत होतं.

सुजाता. बघा, तिचं नाव यायला किती वेळ लागला.

ती भालकीकडची, बौद्ध घरातली. वडील शाळेत मास्तर. तिनंही एमएस्सी कलबुर्गीलाच केली, माझ्यामागून काही वर्षांनी, आणि मग आमच्याच शेडमध्ये कामाला लागली. मला अक्का म्हणायची. आमच्या घरात जात मानत नाहीत असं आम्ही मोठ्यानं सांगतो, दिवाणखान्यात बसवण्णांचा फोटो आहे, पाहुण्यांना समोरच दिसेल असा. तरी सुजाताच्या डब्यातली भाजी मी कधी घेतली नाही. पोट बरं नाही म्हणायचे. रोज कसं पोट बरं नसेल? तिनं कधी विचारलं नाही. काही दिवसांनी तिनं डबा पुढं करणंच सोडून दिलं. अप्पा मला पोरी म्हणायचे आणि तिला मॅडम. मला तेव्हा वाटायचं, तिला जास्त मान आहे. मॅडम म्हणण्यात किती अंतर असतं हे मला उशिरा कळलं — की तेव्हाच कळलं होतं?

तर एक दिवस मी राजेश्वरला लग्नाला गेले होते. परत आले तर सुजाता चमच्यात पावडर कालवून उभी. "अक्का, जिभेवर घेऊन बघा." मी घेतली. कडू नव्हती. किंचित खारट, मागं डाळीची चव, बस्स. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? शाबास नाही. मी विचारलं, "काय घातलीस ह्याच्यात?"

ती हसली. "कायबी घातलं न्हाई अक्का. आपण कॉलममधून येतंय ते सगळंच एका ड्रममधी धरायलाव ना, तिथंच चुकायलंय. आधी येतंय ते चांगलं हाय. मणी भरले की मागून कडू याय लागतंय. ते मी धरलंच न्हाई, म्हशीच्या ड्रममधी सोडून दिलं."

एवढंच. तुम्ही म्हणाल, हे तुला सुचलं नाही? नाही सुचलं. मिलच्या वातावरणात मुरलेल्या माणसाला ते सुचतच नाही. आमच्याकडं डाळ विकतात, तुकडा विकतात, टरफल विकतात, झाडलेली धूळसुद्धा चाळून बघतात. वस्तू टाकायची म्हणजे पाप. मी थेंब न् थेंब धरत होते आणि चांगल्यात कडू पुन्हा मिसळत होते. दोन उन्हाळे.

अव्वांना ती पावडर ज्वारीच्या आंबिलीत दिली. पचली. काही दिवसांनी त्या भिंतीला धरून अंगणापर्यंत आल्या. कुणी केलंय हे, म्हणून त्यांनी विचारलं, आणि अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "भालकीच्या मॅडमनी." मी तिथंच उभी होते, हातात ट्रे घेऊन. माझा जळफळाट झाला. याला दुसरा शब्द नाही.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवू लागले. ती फ्रिज का उघडते? फोनवर हळू का बोलते? मी आले की गप्प का होते? खरं तर ती आईशी बोलायची आणि मला त्रास नको म्हणून हळू बोलायची, पण संशयी माणसाला साधं कारण कधी पुरतं का? मग त्या आठवड्यात लाइट फार गेली, फ्रिज तासन्‌तास बंद राहिला. लाइट आल्यावर मी फ्रिज पुसायला काढला, तर त्या पांढऱ्या कागदाच्या बाटलीतली पावडर खाली गेलेली. पाऊण होती ती अर्ध्यावर.

डोक्यात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. म्हणजे हिनं हे वापरलं. पपईच्या जोडीला हे घातलं, म्हणून कडवटपणा गेला. मागचं सोडून दिलं वगैरे सगळ्या थापा. आणि मागोमाग आणखी एक विचार आला. तोही सांगते, कारण तो लपवला तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही — ही असलं खाणारी, हिला काय त्याचं.

मी अप्पांकडे गेले. ते मिलच्या ओट्यावर बसले होते. मी शब्द तोलून बोलले, फार तोलून. म्हटलं, "अप्पा, फ्रिजमधी एक बाटली हाय. डुकरापासनं काढलेली हाय. सुजाता वापरती ती."

यात खोटं काहीच नव्हतं. चाचणीसाठी वापरायचीच ती.

अप्पा ओट्यावरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "अव्वाच्या खाण्यात पडलं का ते?"

मी खाली बघितलं.

"कुणी मागवली?"

"लॅबचं सामान सुजाताच मागवती, अप्पा."

हेही खरंच होतं. सामान तीच मागवायची. फक्त ती एक बाटली सोडून.

अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, काहीतरी बोलणं झालं असतं. त्यांनी किटली भंगारात घातली, कॉलम फोडायला लावला, तयार माल खड्डा करून पुरला. सुजाताला बोलावून एवढंच सांगितलं, "मॅडम, उद्यापासून येऊ नका." कारण विचारलं तर भिंतीकडं बघत राहिले. ते नाव, ती वस्तू त्यांना तोंडातून काढायचीच नव्हती. सुजाता माझ्याकडं आली. ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला. "अक्का, काय झालंय? माझं काय चुकलंय?" मी चंचुपात्र विसळत होते. "मला ठाव न्हाई गं," म्हटलं, आणि नळ मोठा केला.

अव्वांना कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं, पण असं काही लपतं का? त्यांनी अन्न सोडलं. नुसत्या ताकावर राहिल्या, मग सलाइन लावावं लागलं. कशाबशा सावरल्या, पण अंगणापर्यंत पुन्हा आल्या नाहीत. आणि बाहेर गोष्ट पसरली. इथल्या डाळमिलवाल्यांची एकमेकांत सोयरीक आहे. बिदरहून हुमनाबाद, तिथून कलबुर्गी — एका पोरीनं म्हातारीच्या खाण्यात डुक्कर कालवलं म्हणे. खाण्याच्या धंद्यात सुजाताला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

आता इथवर आल्यावर तुम्ही काय म्हणाल? संशयी बाई, घाईत चुकली. स्वभावच तो, काय करणार. मीसुद्धा इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. संशय हा माणसाचा दोष आहे, पण घरातला दोष आहे, हसून चालवून घेतात. सीआयडी म्हणतात.

पण जरा विचार करा. दुधाचा वास दोनदा घेणारी बाई, ती बाटली न तपासता ओट्यावर जाईल का?

मी तपासली होती.

आमची पद्धत अशी, की असली महागडी वस्तू वापरली की बाटलीसकट तोलून बुडाला वजन लिहायचं. मी दार लावून घेतलं, बाटली पुसली, काट्यावर ठेवली. वजन भरलं. कमी तर नव्हतंच, उलट किंचित जास्त भरलं. फ्रिज बंद राहिल्यानं पावडरीनं ओल धरली होती आणि ती दबून खाली बसली होती. कणभरही कुणी काढलेली नव्हती. मी दुसऱ्यांदा ठेवून बघितली. तेवढंच.

म्हणजे संशय तिथं संपला होता. सुजातानं काहीही केलेलं नव्हतं, आणि हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर मला. त्यानंतर मी बाटली जागेवर ठेवली, हात धुतले आणि अप्पांकडे गेले.

मग ते काय होतं? मला तिची जागा हवी होती, आणि मला माहीत होतं की तिच्याबद्दल सांगितलेलं पटेल. हेच कुणी माझ्याबद्दल सांगितलं असतं, तर अप्पा हसले असते. राजेश्वरच्या पोरीनं असलं करायचं? शक्यच नाही. सुजाताबद्दल त्यांनी एक पुरावासुद्धा मागितला नाही. मागणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

पुढचं पटकन सांगते, कारण ते सांगताना माझाच आवाज मला ओळखू येत नाही. अप्पांचं मन निवल्यावर त्यांनी नवी किटली घेतली, नवा कॉलम घेतला. मी काही महिने मुद्दाम कडू माल काढला. मग एक दिवस मागचं वेगळं सोडलं आणि म्हटलं, अप्पा, जमलं. आता आमची पाकिटं गाणगापूरच्या दुकानांतसुद्धा असतात, हिरवा ठिपका असलेली. शोध माझा आहे असं सगळे समजतात. मी एकदाही दुरुस्त केलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात बिदरच्या स्टँडवर कुणीतरी मागून हाक मारली. "अक्का." सुजाता होती. वाळली होती, केस पिकायला लागलेले. उदगीरला शिकवण्या घेते म्हणाली. हिला कळलं असेल का? कुणी सांगितलं असेल का? ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्या नजरेत काहीतरी शोधत होते. काहीच नव्हतं. तिला आनंद झाला होता, बस्स.

"लोक काय म्हणायलेत ते मला मागून कळलं," ती म्हणाली. "कुणीतरी लावून दिलं की. मुनीम असंल, न्हाईतर किटलीवरचा मल्लू. मी लई दिवस डोकं खाजवलं. तुमी तर तिथंच होताव. माझ्या बाजूनं बोललाच असाल."

"व्हय," मी म्हटलं. "पण अप्पांनी ऐकलं न्हाई."

तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग संकोचत सांगितलं, जहिराबादला एका कारखान्यात जागा निघालीय, याच कामाची, प्रथिनं वेगळी काढायची. त्यांना आधीच्या ठिकाणच्या कुणाशी तरी बोलायचंय. "अक्का, तुमचा नंबर देऊ का?"

मी म्हटलं, दे की.

फोन आला. बोलणारा माणूस सभ्य होता. काम कसं होतं, विचारलं. मी म्हटलं, चांगलं होतं. मग त्यानं विचारलं, आम्ही काही ऐकलंय, मालात काही मिसळल्याचं. त्यात तथ्य आहे का?

त्याला एका शब्दाचं उत्तर होतं. तो शब्द माझ्याशिवाय कुणाकडंच नव्हता. मी फोन कानाला धरून शेडच्या दारात उभी होते, समोर तुरीची पोती उतरत होती. मी म्हटलं, "मला नक्की सांगता येणार नाही."

चार दिवसांनी सुजाताचा मेसेज आला. "अक्का, ती जागा न्हाई मिळाली. पण तुमी माझ्यासाठी चांगलं बोललाव आसाल, तेवढं पुरं हाय मला."

मी तो दोनदा वाचला. मग खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि पाठवून दिलं.